पोह्यांत साठवलेला वेळ

पोहे कधीच कच्चे नसतात. डब्यातून मूठभर काढले आणि तसेच तोंडात टाकले, तरी आपण शिजलेलंच धान्य खात असतो. रोज सकाळी ‘पोहे करायला’ घेणाऱ्यांना हे पटकन खरं वाटणार नाही, पण या एका गोष्टीत मराठी घरांच्या पाहुणचाराचं सगळं गुपित आहे.

अवचित कोणी दारात उभं राहिलं की आधी पाणी पुढे येतं, मग “बसा हो, नुसते पोहे टाकते” असं वाक्य येतं. त्या वेळी कुकर गार असतो, कणीक मळलेली नसते, भाजीचा पत्ता नसतो. तरी पंधरा मिनिटांच्या आत पाहुण्यांच्या हातात वाफाळती बशी असते, वर खोबरं आणि कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. तेवढ्या वेळात साधा भातही होत नाही. धान्य तर तेच! मग पोह्यांना वेळ का लागत नाही? लागतो, भरपूर लागतो. फक्त तो आपल्या स्वयंपाकघरात लागत नाही. कोणीतरी, कुठेतरी, आधीच तो खर्च करून त्या पातळ पाकळीत भरून ठेवलेला असतो.

भट्टीवर काय होतं

पोह्यांची सुरुवात होते टरफलासकट भातापासून, म्हणजे साळीपासून. ही साळ गरम पाण्यात बराच वेळ भिजत ठेवतात. पाणी हळूहळू टरफलातून आत शिरतं. मग ती उपसून, निथळून भट्टीवरच्या तापलेल्या वाळूत टाकतात आणि परततात. वाळू पाण्याच्या उकळबिंदूच्या बरीच वर तापलेली असते, त्यामुळे दाण्यातलं पाणी आतल्या आत सळसळू लागतं आणि दाणा स्वतःच्याच पाण्यात शिजतो.

शिजणं म्हणजे नेमकं काय? तांदळातल्या पिष्टाचे कण अतिशय बारीक असतात. एका मिलिमीटरवर शंभराहून जास्त कण रांगेत बसतील इतके. कच्च्या कणात पिष्टाच्या साखळ्या घट्ट आणि शिस्तीत रचलेल्या असतात, त्यामुळे गार पाणी त्यांच्यात फारसं शिरू शकत नाही. आपली पचनसंस्थाही त्यांच्यापुढे अडखळते. तापमान साधारण 60 ते 78 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोचलं आणि भरपूर पाणी जवळ असलं, की ही रचना उसवते. साखळ्या सैल होतात, पाणी धरून ठेवतात, कण फुगतात. ही घटना घडली की धान्य शिजलं. भातासाठी ती आपल्या गॅसवर घडते, पोह्यांसाठी भट्टीवर.

खरी गंमत पुढच्या काही क्षणांत आहे. भाजलेली साळ गार होऊ द्यायची नसते. ती गरम असतानाच उखळात जाते, किंवा आता बहुतेक ठिकाणी लोखंडी यंत्रात जाते, आणि चेपली जाते. टरफल सुटतं आणि दाण्याची पाकळी होते. कच्चा तांदूळ असाच कांडला असता तर कण्या आणि पीठ पडलं असतं. मग हा दाणा फुटत का नाही? लाखेची बांगडी गरम असताना हवी तशी वळते आणि गार झाल्यावर तडकते, तसंच पिष्टाचं आहे. ओलावा आणि उष्णता दोन्ही असेपर्यंत शिजलेलं पिष्ट लवचीक राहतं, आणि कोरडं नि गार झालं की काचेसारखं कडक होतं. पोहे कांडणाऱ्यांना या दोन अवस्थांमधली अगदी थोडी सवड मिळते. पूर्वी कोकणात दोघी बायका समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालत. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. त्या लयीमागे घाई होती. दाणा निवायच्या आत चपटा व्हायला हवा होता.

पाकळी एकदा वाळली की तिच्यातलं शिजलेलं पिष्ट आहे त्या आकारात थिजतं. तिच्यात पाणी इतकं कमी उरतं की बुरशीला किंवा जिवाणूंना जगायला जागा नसते. डब्याचं झाकण नीट लावलं तर हे शिजवलेलं अन्न महिनोन्‌महिने टिकतं. शिजवलेला भात दुसऱ्या दिवशी आंबतो. पोहे फडताळात वाट पाहत बसतात.

पाकळीचं गणित

आता चपटेपणाचा हिशोब. एखाद्या पदार्थात पाणी मधोमध पोचायला किती वेळ लागेल, हे जाडीवर अवलंबून असतं, आणि साध्या प्रमाणात नव्हे तर वर्गाच्या प्रमाणात. जाडी निम्मी केली तर वेळ एक चतुर्थांश होतो. जाडी पाव केली तर वेळ सोळावा हिस्सा उरतो. भाताच्या दाण्याला वीस मिनिटं लागत असतील, तर त्याच्या पाव जाडीच्या पाकळीला, निव्वळ पाणी मुरण्याच्या हिशोबाने, सव्वा मिनिट पुरतं. शिवाय पिष्ट आधीच उसवलेलं असल्यामुळे त्याला गरम पाण्याचीही गरज पडत नाही. नळाखाली धरलं तरी भागतं.

घरातल्या नियमांचा अर्थ इथे लागतो. जाड पोहे चाळणीत घेऊन धुवायचे आणि निथळत ठेवायचे, पाण्यात बुडवून विसरायचे नाहीत. पातळ पोह्यांवर नुसता पाण्याचा हबका पुरतो, नाहीतर त्यांचा गोळा होतो. भिजले की नाही हे घड्याळ सांगत नाही, बोटं सांगतात: पाकळी चिमटीत दाबली की मोडली पाहिजे, पण तिचं पीठ होता कामा नये. जाड, मध्यम, पातळ, दगडी, नायलॉन, अशी वाण्याच्या दुकानातली नावं खरं तर वेगवेगळ्या वेळांची नावं आहेत. ज्याला जेवढं जास्त चेपलं, तेवढं ते लवकर भिजणार आणि तेवढंच लवकर लगदा होणार. म्हणून कांदेपोह्यांना जाड, चिवड्याला पातळ.

भिजवण्या-भाजण्याचा आणखी एक फायदा डोळ्यांना दिसत नाही. साळ टरफलासकट भिजते तेव्हा कोंड्यातली पाण्यात विरघळणारी ब जीवनसत्त्वं काही प्रमाणात दाण्याच्या आत सरकतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाच्या नशिबी हे नसतं. लोहाचंही तसंच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमहून कमी लोह आहे, तेवढ्याच पोह्यांत सुमारे साडेचार मिलिग्रॅम. पाकळीला चिकटून राहिलेला कोंडा आणि कांडणारं लोखंड, दोघांचाही त्यात हात असतो. वरून पिळलेलं लिंबूही नुसतं चवीपुरतं नसतं. त्यातलं क जीवनसत्त्व धान्यातलं लोह शरीरात शोषलं जायला मदत करतं.

फोडणीतली किमया

इथपर्यंतचं काम भट्टीचं. आता सूत्रं घरच्या माणसाच्या हाती येतात, आणि पहिलाच चमत्कार मोहरीचा असतो.

मोहरीचा दाणा तोंडात टाकून नुसता गिळला तर तिखट लागत नाही. लोणच्यासाठी तीच मोहरी पाणी घालून फेसली की झणका थेट नाकात जातो. याचं कारण असं, की दाण्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात: एक गंधकयुक्त पदार्थ आणि त्याला फोडणारं विकर. दाणा ठेचला आणि पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि झोंबरं तेल तयार होतं. फोडणीत आपण नेमकं उलट करतो. अख्खा दाणा कडकडीत तेलात टाकतो. उष्णतेने विकर निकामी होतं आणि झणका जन्मालाच येत नाही. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते. वाफ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा मागते आणि सालीला ती पेलत नाही. तडतड म्हणतो तो आवाज या लहान-लहान स्फोटांचा. उरतो तो खमंग, किंचित कडवट, शेंगदाण्यासारखा स्वाद. एकाच मोहरीतून लोणच्याचा ठसका निघतो आणि पोह्यांचा खमंगपणाही निघतो, आणि फरक फक्त आधी पाणी लावलं की आधी तेल, एवढाच.

तडतड म्हणजे तेल तयार झाल्याची खूणही. मग हिंग, मिरची, कढीपत्ता, कांदा आणि हळद. यांतले बरेचसे वास आणि हळदीचा पिवळा रंग पाण्यात जेमतेम विरघळतात, तेलात मात्र मनसोक्त. म्हणून हळद भिजलेल्या पोह्यांवर भुरभुरली तर ठिपके दिसतात, आणि फोडणीत पडली तर शेवटची पाकळीही सारख्या रंगाची होते. तेल हा इथे रंग आणि वास घेऊन घरोघर फिरणारा फेरीवाला असतो.

शेवटी झाकण ठेवून एक दणदणीत वाफ. पोहे आधीच शिजलेले आणि भिजलेले असताना ही कशाला? कारण पिष्टाला जुन्या सवयीकडे परतायची ओढ असते. उसवलेल्या साखळ्या गार आणि कोरड्या झाल्या की पुन्हा एकमेकींना चिकटून रांगा लावू लागतात. डब्यातल्या पोह्यांत हे थोडंफार झालेलंच असतं. तापमान साठ अंशांच्या वर गेलं आणि सोबत ओलावा असला की यातल्या बऱ्याच रांगा पुन्हा मोडतात. ‘मऊसूत’ झाले, असं आपण म्हणतो ते याला. तासाभराने तेच पोहे गार होऊन चामट होतात, आणि पाण्याचा हबका मारून पुन्हा वाफ दिली की माणसात येतात, त्याचंही कारण हेच.

गाडीवरचे, उंबऱ्यातले, सणाचे

हे एकदा कळलं की बाहेरच्या पोह्यांकडे पाहायची नजर बदलते. इंदूरला सकाळी जिथे जाल तिथे पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली दिसते. पोहे परतणं कधीच संपलेलं असतं, खालची वाफ मात्र तासन्‌तास चालू असते. पिष्टाला रांगा लावायची संधीच मिळत नाही, म्हणून सकाळी सातला मिळणारी बशी आणि दहाला मिळणारी बशी सारखीच मऊ. वर शेव आणि जिरावण मसाला, बाजूला जिलेबी. या आवडीचं श्रेय बरेच इंदूरकर होळकरांच्या काळात माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घरांना देतात.

नागपूरचा माणूस वेगळाच प्रश्न सोडवतो. त्याच्या पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा येतो, आणि त्या रश्श्यावरचा लालभडक तवंग म्हणजे तर्री. लाल मिरचीचा रंग तेलात उतरतो आणि तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून सगळा दिमाख वरच्या थरात जमा होतो. कोरड्या पोह्यांना ओलावा मिळतो, चण्यामुळे प्रथिनंही मिळतात, आणि गाडीवाल्याला पोहे मऊ ठेवायची काळजी उरत नाही.

कोकणातले दडपे पोहे तर शास्त्राचा प्रयोगच आहेत. पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मीठ, लिंबू, असल्यास थोडं नारळपाणी. सगळं कालवायचं आणि झाकून, दडपून ठेवायचं. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, खोबऱ्याचा ओलावा उतरतो आणि पोहे त्यावरच मऊ होतात. वरून फोडणी दिली तर दिली. विस्तवाला पोह्यांनी स्पर्शही केलेला नसतो. पोहे कच्चे नसतात याचा याहून चविष्ट पुरावा मिळणार नाही.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळून झाला, अभ्यंग आटोपलं, की ताटात फोव येतात: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे, तिखशे. भाताची कापणी नुकतीच झालेली असते, आणि नव्या धान्याचा पहिला मान पोह्यांना मिळतो. त्या सकाळी नातलग आणि शेजारी एकमेकांकडे ‘फोव खायला’ जातात. सगळ्यांच्या घरी एकच धान्य, तरी प्रत्येक घरची चव वेगळी. यजमान आणि पाहुणे यांच्या भूमिका एका सकाळीत अनेकदा बदलतात.

आणि मुलगी बघायचा तो कार्यक्रम, ज्याचं नावच ‘कांदेपोहे’ पडलं. तिथे पोहेच का? माणसं चार येणार की नऊ, हे आयत्या वेळी कळतं, आणि पोह्यांचं माप मुठीत असतं: माणशी दोन मुठी, वर एक भांड्याची. आणखी कोणी आलं तर मूठ वाढते, वेळ वाढत नाही. दुसरं कारण अधिक नाजूक आहे. पानावर बसवून जेवू घालणं म्हणजे नातं जुळल्यासारखं. नुसता चहा म्हणजे कोरडेपणा. पोहे बरोबर मधे बसतात: उपाशी परत पाठवलं नाही आणि शब्दही दिला नाही.

सुदाम्याच्या पुरचुंडीपासून

भागवतपुराणातला सुदामा द्वारकेला निघतो तेव्हा घरात द्यायला काही नसतं. बायको शेजारच्या घरांतून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. कृष्ण त्यातली एक मूठ खातो, दुसरी घेतो तोच रुक्मिणी त्याला थांबवते. कथेतला भाव बाजूला ठेवून क्षणभर फक्त त्या पुरचुंडीकडे पाहा. पायी प्रवास, चूल नाही, भांडं नाही, पोचायला किती दिवस लागतील याची खात्री नाही. तांदूळ नेला असता तर शिजवावा लागला असता; भात नेला असता तर वाटेतच आंबला असता. पोहे मात्र गाठोड्यातून काढून सरळ तोंडात टाकता येतात. त्या काळच्या पोह्यांवर मिरची नव्हती, शेंगदाणे नव्हते, बटाटाही नव्हता. हे तिघंही अमेरिका खंडातले, आणि पोर्तुगीज भारतात आल्यानंतरच इथे रुळले. आजची ‘पारंपरिक’ बशी सुदाम्याने ओळखली नसती. तळाची पाकळी मात्र ओळखली असती.

पुढे ही युक्ती जगाने पुन्हापुन्हा शोधली. अमेरिकेत बॅटल क्रीक इथे 1894 मध्ये केलॉग बंधूंनी शिजवलेला गहू रोलरमधून काढला आणि पाकळ्या भाजल्या. त्याच वाटेवर पुढे कॉर्नफ्लेक्स आले. जपानमध्ये मोमोफुकु अँडो यांनी 1958 मध्ये शिजवलेल्या नूडल्स तळून वाळवल्या, आणि ‘इन्स्टंट’ नूडल्स स्वयंपाकघरात शिरल्या. आधी शिजवा, मग पातळ किंवा पोकळ करून वाळवा, खाणाऱ्याने फक्त पाणी घालावं: पद्धत तीच. पोह्यांच्या उखळांनी ती त्याआधी कितीतरी शतकं अंगवळणी पाडली होती, तेही पेटंट न घेता.

आता दुकानात पुढची पायरी मिळते. कपात पोहे, फोडणी, वाळवलेला कांदा, सगळं तयार. उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा, खा. प्रवासात ते उपयोगी पडतात यात शंका नाही. तरी खाताना काहीतरी कमी वाटतं, आणि ते का वाटतं हे आता सांगता येईल. पिष्टाला टिकवता येतं, कारण ते जड असतं आणि जागचं हलत नाही. वास टिकवता येत नाही, कारण उडून जाणं हाच त्याचा गुण. उडाला नाही तर नाकापर्यंत पोचणार कसा? नुकत्याच तडतडलेल्या मोहरीचा, तेलात फुललेल्या हिंगाचा, शेवटी पिळलेल्या लिंबाच्या सालीतल्या तेलाचा सुगंध साठवायला गेलं की तो डब्यातच विरतो.

म्हणजे पोह्यांच्या बशीत कामाची वाटणी फार शहाणपणाने झालेली आहे. जे आधी करून ठेवता येतं ते भट्टीवाल्याने, कांडणाऱ्यांनी, गिरणीने उरकलेलं असतं: भिजवणं, भाजणं, चेपणं, वाळवणं. जे आधी करून ठेवताच येत नाही तेवढंच घरातल्या माणसाकडे राहतं, आणि ते पाहुणा समोर बसलेला असतानाच करावं लागतं. “नुसते पोहे” म्हणून आपण जे विनयाने कमी लेखतो, त्यात अनोळखी हातांचे कित्येक तास असतात आणि आपली दहा-पंधरा मिनिटं. पाहुण्याच्या लक्षात मात्र ही मिनिटंच राहतात, आणि त्यात अन्याय काही नाही. तेवढीच खास त्याच्यासाठी खर्च झालेली असतात.